गुडघ्याची गादी: कापायची, शिवायची की तशीच ठेवायची?

गुडघ्याच्या एमआरआयचा अहवाल हाती पडतो, त्यात ‘मेनिस्कस टेअर’ हे शब्द दिसतात आणि घरात बोलणं सुरू होतं ते ऑपरेशन कुठे करायचं, कधी करायचं, रजा किती मिळेल याचं. करायला हवं का, हा प्रश्न मधेच गळून जातो. त्याला कारणही तसंच आहे. दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणजे दोन बारीक छिद्रं, अर्ध्यापाऊण तासाचं काम, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. आत काहीतरी फाटलं आहे आणि ते इतक्या सहज काढून टाकता येतं, तर थांबायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शस्त्रक्रियेची जितकी कसून परीक्षा झाली, तितकी हाडांच्या फार थोड्या शस्त्रक्रियांची झाली असेल. तिचा निष्कर्ष असा की गादी फाटली एवढ्यावरून ऑपरेशन ठरवता येत नाही. ती कशी फाटली, कुठे फाटली आणि कोणाच्या गुडघ्यात फाटली, यावर तिला हात लावायचा की नाही हे ठरतं. आणि हात लावायचाच झाला तर कापण्याआधी ती शिवता येते का, हे पाहावं लागतं.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात तिथे आतल्या आणि बाहेरच्या बाजूला अर्धचंद्रासारख्या दोन चिवट चकत्या असतात. त्यांनाच डॉक्टर मेनिस्कस आणि आपण गादी म्हणतो. हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत पांढरा थर, म्हणजे कूर्चा, तो वेगळा. दोन्हींची गल्लत नेहमी होते. मांडीच्या हाडाचं टोक गोल असतं आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट. गादी नसेल तर सगळा भार लहानशा जागेवर एकवटतो. गादी भोवतीची पोकळी भरून तो पसरवते. गुडघ्याच्या आतल्या कप्प्यातला सुमारे निम्मा भार आणि बाहेरच्या कप्प्यातला त्याहून मोठा वाटा ती पेलते. हे कळायला वैद्यकशास्त्राला वेळ लागला. १८८७ साली ब्रिटिश शल्यविशारद जॉन ब्लंड-सटन यांनी गादीला स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरवलं होतं, आणि त्या समजुतीपायी पुढे अनेक दशकं दुखऱ्या गुडघ्यातली अख्खी गादी काढून टाकली जात असे. १९४८ साली फेअरबँक यांनी अशा रुग्णांचे एक्स-रे तपासून दाखवलं की गादी गेलेल्या सांध्याची फट अरुंद होते आणि कडेला हाड वाढू लागतं, म्हणजे झिजेच्याच खुणा. दुर्बिणीचा मार्ग जपानमधून आला. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीतून गादीचा फाटका भाग तेवढाच काढला. अख्खी गादी काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं. पण थोडी कापली तरी ती कापलेलीच असते. पुन्हा उगवत नाही. गादीच्या बाहेरच्या कडेच्या साधारण पाव भागालाच रक्तपुरवठा असतो, आतला भाग रक्ताविना असतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर कोणती गादी जुळून येईल आणि कोणती येणार नाही, यामागचं गणित बरंचसं उलगडतं.

आता अहवालाकडे वळू. त्यात ‘ग्रेड १’ किंवा ‘ग्रेड २ सिग्नल’ असं लिहिलं असेल, तर ती गादीच्या आतली वयोमानाची खूण असते. ती पृष्ठभागापर्यंत पोचलेली नसते, आणि तिला फाटणं म्हणत नाहीत. ‘ग्रेड ३’ म्हणजे रेघ पृष्ठभागापर्यंत आली. ही ग्रेड १ आणि २ वाचूनही लोक धास्तावतात, हे वाईट आहे, कारण अहवाल देताना एवढं एक वाक्य सांगितलं तर ती धास्ती टळते. पण ग्रेड ३ असली तरी तीच दुखण्याचं कारण आहे, हे सिद्ध होत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे, दुखत असोत वा नसोत, एमआरआयवर तपासले गेले. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या बायकांपैकी १९ टक्क्यांची, तर सत्तरीपुढच्या पुरुषांपैकी ५६ टक्क्यांची गादी फाटलेली निघाली. आणि ज्यांची फाटली होती त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्यात ना दुखलं होतं ना आखडलं होतं. म्हणजे पन्नाशीनंतर फाटलेली गादी ही पिकल्या केसांइतकीच साधी बाब असू शकते. गुडघा दुखतो म्हणून एमआरआय काढला आणि गादी फाटलेली दिसली, तर दोन गोष्टी एकाच गुडघ्यात सापडल्या एवढंच खात्रीने म्हणता येतं. म्हणून डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावून, वाकवून, फिरवून तपासलं आहे का, आणि झिजेचा अंदाज घ्यायला उभं करून एक्स-रे काढला आहे का, हे एमआरआयइतकंच महत्त्वाचं आहे. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्याची फट खरी किती उरली आहे ते नीट कळत नाही.

झिजून फाटलेल्या गादीचं ऑपरेशन खरोखर गुण देतं का, हे तपासायचा प्रामाणिक मार्ग एकच होता, आणि फिनलंडमधल्या डॉक्टरांनी तो धरला. पाच रुग्णालयांतल्या ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांची त्यांनी निवड केली. आतल्या बाजूची गादी झिजून फाटलेली, पण सांध्याची झीज नाही, असे हे रुग्ण होते. प्रत्येकाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून निदान पक्कं केलं आणि त्यानंतर सोडतीचं बंद पाकीट उघडून कोणाची गादी कापायची आणि कोणाची नाही ते ठरवलं. ज्यांची कापायची नव्हती त्यांच्याबाबत सगळं खऱ्यासारखं केलं. शल्यविशारद हत्यारं मागत होते, पातं काढलेलं शेव्हर बाहेरून गुडघ्याच्या वाटीवर दाबून चालवत होते, पाणी ओढणारी नळीही सुरू होती. रुग्णाला तेवढाच वेळ ऑपरेशन थिएटरमध्ये ठेवलं जात होतं. २०१३ साली निकाल आला: वर्षभरानंतर दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालं होतं. हा निकाल एकटा नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ३५१ रुग्णांवरच्या अभ्यासात ऑपरेशन अधिक व्यायाम आणि नुसता व्यायाम यांत सहा महिन्यांनी उल्लेखनीय फरक दिसला नाही. नॉर्वेत २०१६ साली १४० रुग्णांमध्ये दोन वर्षांनंतरही तेच दिसलं, उलट व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीच्या स्नायूंत सुरुवातीच्या महिन्यांत अधिक ताकद आली. नेदरलंड्समधल्या ३२१ रुग्णांच्या २०१८ च्या अभ्यासात व्यायाम ऑपरेशनपेक्षा कमी पडला नाही. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने, जिच्यात रुग्णही होते, झिजलेल्या गुडघ्याच्या जवळपास सर्व रुग्णांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘आमच्या शेजाऱ्यांनी ऑपरेशन केलं, ते आज जिने चढतात.’ ते खोटं बोलत नाहीत. फिनलंडच्या अभ्यासात खोट्या शस्त्रक्रियेनंतरचे रुग्णही बरे झालेच होते. गुडघ्याचं दुखणं चढतं-उतरतं. माणूस ऑपरेशनला तयार होतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि तिथून ते बहुधा उतरतंच. शिवाय ऑपरेशनमागोमाग विश्रांती येते, फिजिओथेरपी येते, काळजी घेणारी माणसं येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्यायामाच्या गटातले अनेक जण पुढे ऑपरेशनकडे वळतातच, मग वेळ का घालवायचा? अमेरिकेतल्या अभ्यासात सहा महिन्यांत असे सुमारे ३० टक्के होते. हे मान्य केलंच पाहिजे. पण त्याचा अर्थ असाही होतो की सत्तर टक्के लोकांचं ऑपरेशन टळलं. आणि जे उशिरा गेले त्यांचं थांबल्यामुळे काही बिघडलं असं दिसलं नाही. तिसरी भीती अशी की फाटका तुकडा आत राहिला तर झीज वाढेल. फिनलंडच्याच रुग्णांची पाच वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा एक्स-रेवरची झीज किंचित अधिक दिसली ती गादी कापलेल्यांच्याच गुडघ्यांत. राहता राहिला गुडघ्यातला खटखट आवाज किंवा अडखळल्यासारखं होणं. तेवढ्यासाठी गादी कापूनही गुण येत नाही, हेही त्याच रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये दिसलं.

मग करायचं काय? पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली असेल, मोठी दुखापत झालेली नसेल, दुखणं हळूहळू वाढत गेलं असेल, तर निदान तीन महिने नेटाने व्यायाम. ‘व्यायाम करून पाहिला, काही झालं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी बरेचदा दहा दिवस शेक आणि मशीन घेतलेलं असतं. त्याला व्यायाम म्हणता येणार नाही. नॉर्वेतल्या अभ्यासात आठवड्याला दोन-तीन वेळा याप्रमाणे बारा आठवडे, भार टप्प्याटप्प्याने वाढवत, स्नायू आणि तोल यांचे व्यायाम होते. सुरुवात अंथरुणावरच होते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबायचा आणि पाच-दहा सेकंद धरायचा, पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, एका पायरीवर चढ-उतार, भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली सरकणं, एका पायावर उभं राहणं, सायकल. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं तर घाबरायचं कारण नाही. सूज आली तर भार कमी करायचा. या काळात उकिडवं बसणं आणि पूर्ण मांडी घालणं टाळावं, भारतीय पद्धतीच्या संडासावर खुर्ची ठेवावी. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो, असं मोजून पाहिलेलं आहे. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोट यांचा विचार करून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. बऱ्याच विमा पॉलिसी ऑपरेशनचा खर्च देतात आणि बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचा देत नाहीत. विम्याच्या या रचनेमुळे ऑपरेशन स्वस्त आणि व्यायाम महाग वाटू लागतो, पण उपचार निवडण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

हे सगळं झिजून फाटलेल्या गादीबद्दल झालं. कबड्डीत, कुस्तीत, फुटबॉल खेळताना किंवा मोटारसायकलवरून पडून पाय पिरगळला आणि धडधाकट गादी फाटली, तर विचार बदलतो. यांतला तातडीचा प्रकार म्हणजे गुडघा अडकणं. गादीची उभी लांब चिरफळी होते, आतला पट्टा बादलीच्या कडीसारखा उलटून दोन हाडांच्या मधे अडकतो आणि पाय सरळ होतच नाही. इथे तीन महिने व्यायाम करत बसणं चूक आहे. काही दिवसांतच शल्यविशारद गाठायला हवा, कारण असा पट्टा जितका लवकर जागेवर बसवून शिवला तितका तो जुळण्याची शक्यता अधिक. गादीसोबत पुढचं लिगामेंट तुटलं असेल तर दोन्ही कामं एकाच वेळी करतात, आणि अशा वेळी घातलेले टाके तुलनेने चांगले जुळतात. पण गुडघा अडकलेला नसेल तर तरुणांनाही लगेच ऑपरेशन हाच एक पर्याय असतो असं नाही. डेन्मार्कमध्ये १८ ते ४० वयाच्या १२१ रुग्णांपैकी काहींचं लगेच ऑपरेशन केलं, काहींना आधी व्यायाम आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन असं सांगितलं. २०२२ मध्ये आलेल्या निकालात वर्षअखेरीस दोन्ही गटांत फरक दिसला नाही, आणि व्यायामाच्या गटातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांनाच पुढे ऑपरेशन लागलं. शिवण्याजोगी गादी असेल तर मात्र मी शिवण्याच्या बाजूने आहे. ऑपरेशनमध्ये कमरेखाली भूल देतात, गुडघ्याच्या वाटीच्या खाली दोन बाजूंना सेंटीमीटरभराची छिद्रं पाडतात, एकातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते आणि दुसऱ्यातून हत्यारं. सलाइनने सांधा फुगवलेला असतो. आकडीसारख्या सळईने गादी चाचपून ती कितपत हलते ते पाहतात. शिवायची असेल तर आधी फाटलेल्या कडा खरवडून रक्त आणतात आणि मग टाके घालतात: पुढच्या भागात बाहेरून आत, मधल्या भागात आतून बाहेर, मागच्या भागात बहुधा सगळं आतल्या आतच. कडेजवळची उभी चीर उत्तम जुळते. आतल्या, रक्ताविना भागातल्या फाटक्या तुकड्याला टाका धरत नाही. तो कापायचाच झाला तर हलणारा भाग तेवढा कापून उरलेली कड शक्य तितकी राखतात.

आणखी एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. हे अभ्यास खुर्चीवर बसणाऱ्या समाजांतले. आपल्याकडे लोक जमिनीवर बसतात, उकिडवं बसून खुरपणी करतात, मांडी घालून जेवतात. त्यांचे निकाल आपल्याला लागू कसे? व्यायामाचा उपयोग इथेही व्हायला हवा, तो देश पाहून बदलत नाही. पण एका प्रकाराबाबत हा आक्षेप खरा आहे. आतल्या गादीचं मागचं टोक नडगीच्या हाडाला जिथे रुजलेलं असतं ते मूळच तुटतं, आणि कोरिया, जपान, भारत अशा जमिनीवर बसणाऱ्या देशांत, विशेषतः पन्नाशी-साठीतल्या बायकांमध्ये, हे बरंच आढळतं. जमिनीवरून उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्यामागे ‘कट’ असं होतं, त्या क्षणी कळ येते आणि त्यानंतर चालणं अवघड होतं. ज्यांचा गुडघा हळूहळू दुखू लागला त्यांची हकिगत अशी नसते. एमआरआयमध्ये गादी सांध्याबाहेर सरकलेली दिसते. मूळ तुटलेली गादी जागेवर असूनही भार पेलत नाही. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा सांध्यावरचा दाब गादी पूर्ण काढल्याइतकाच वाढलेला निघाला, आणि मूळ पुन्हा बांधल्यावर तो पूर्ववत झाला. अशा वेळी नडगीच्या हाडातून बोगदा पाडून, गादीच्या टोकात ओवलेला धागा त्यातून खाली ओढून बांधतात. मात्र सांधा आधीच बराच झिजला असेल किंवा पाय धनुष्यासारखा वाकला असेल तर नुसतं मूळ बांधून भागत नाही. म्हणून पन्नाशीत ‘झीज आहे, व्यायाम करा’ असं ऐकलं आणि तुमच्या दुखण्याची सुरुवात अशा एका ‘कट’ने झाली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि अहवालात ‘रूट’ शब्द आहे का ते विचारा.

ऑपरेशन ठरलंच तर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: कापणार की शिवणार, आणि आत गेल्यावर बेत बदलला तर? दोन्हींनंतरचं आयुष्य फार वेगळं असतं. कापल्यावर माणूस त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालतो, चार-सहा आठवड्यांत बहुतेक कामांना लागतो. शिवल्यावर चार ते सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा, गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही, निदान चार महिने उकिडवं बसायचं नाही, आणि खेळ चार ते सहा महिन्यांनंतर. मूळ बांधलं असेल तर सहा आठवडे त्या पायावर भार देत नाहीत. हे आधी कळलं नाही तर घरातली, शेतातली, नोकरीवरची सोय कोलमडते, आणि ‘लवकर उभं राहायचंय, कापूनच टाका’ असं रुग्ण स्वतःच म्हणतो. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी ती घाई पुढच्या तीस-चाळीस वर्षांना महागात पडू शकते. शिवण्याला खात्री नसते हेही खरं; पाच वर्षांनंतर पाहिलं तर पाचातले एक ते चारातले एक टाके निकामी झालेले असतात. तरी उरलेल्यांची गादी वाचलेली असते. धोके कमी आहेत, पण आहेत. इंग्लंडमधल्या जवळजवळ सात लाख रुग्णांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये दिसलं की गादी कापण्याच्या साधारण १,३९० शस्त्रक्रियांमागे एकाच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी जाते आणि ७४९ मागे एकाच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. घरी आल्यावर पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालयात जा. आणि घरी येताना नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका. गादीचा कोणता भाग, किती कापला, कुठे किती टाके घातले आणि हाडावरची कूर्चा कशी दिसली, हे लिहिलेली ऑपरेशनची नोंद मागून घ्या आणि एमआरआयच्या सीडीसोबत जपून ठेवा. दहा वर्षांनी गुडघा पुन्हा दुखला तर पुढच्या डॉक्टरांना तीच लागते.